लॉर्ड बेंटिंकचा पुतण्या

(द्वितीय वर्ष, कला)

लॉर्ड बेंटिंक म्हटले की आपल्याला एकच बेंटिंक आठवतो. १८२९ साली सतीची चाल कायद्याने बंद करणारा गव्हर्नर जनरल, लॉर्ड विल्यम बेंटिंक. परीक्षेत त्याच्यावर टीप ठरलेली! गेल्या वर्षी त्या टीपेसाठीच मी ग्रंथालयात बसले होते. कपाटात बेंटिंक हे नाव शोधता शोधता हाती आला तो भलताच बेंटिंक. विल्यमसाहेबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या, लॉर्ड जॉर्ज बेंटिंक. काका कलकत्त्याला बसून हिंदुस्थानचा कारभार पाहत होते त्या वर्षांत हा पुतण्या इंग्लंडात घोड्यांच्या शर्यतींवर हजारो पौंड लावत होता. परीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी माणूस. पण मी पुस्तक परत ठेवले नाही.

त्याचे कारण सांगायला हवे. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचे मोतद्दार आहेत. रेसकोर्सवर या माणसाला सईस म्हणतात. पहाटे चारला उठून तबेल्यात जायचे, घोड्याला खरारा करायचा, पाय चाचपून पाहायचे, फिरवून आणायचे, चारापाणी पाहायचे. आबांचे शिक्षण सातवी, आईचे तिसरी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजात टीप म्हणजे पाच मार्कांचा प्रश्न, हे मला इथे येऊन कळले. आमच्या वस्तीत टीपेचा अर्थ एकच, उद्या कोणता घोडा येणार! पुण्याचा पावसाळी मोसम सुरू झाला की लांबचे लांबचे पाहुणे आमच्या घराची वाट धरतात. चहा घेतात, पोरांची चौकशी करतात आणि जाता जाता हळूच विचारतात. आबा हसतात आणि काहीच सांगत नाहीत. जन्मात त्यांनी कुणाला टीप दिली नाही, स्वतः एक रुपया लावला नाही. या न सांगण्याने आमच्या घरात एकदा काय झाले, ते पुढे येईल.

जॉर्जचा जन्म २७ फेब्रुवारी १८०२ चा. वडील पोर्टलंडचे चौथे ड्यूक. नॉटिंगहॅमशायरमधील वेलबेक अॅबी हा त्यांचा वाडा. या घरची एक गंमत म्हणजे सगळ्या मुलांचे नाव विल्यम! म्हणून प्रत्येकाला दुसऱ्या नावाने ओळखायचे. (थोरल्यानंतरचा एक भाऊ पुढे ड्यूक झाला आणि वाड्याखाली बोगदे खणत बसला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) जॉर्ज काही दिवस घोडदळात होता. मग मावशीचे यजमान जॉर्ज कॅनिंग, जे पुढे १८२७ मध्ये पंतप्रधान झाले, त्यांचा खाजगी चिटणीस झाला. कॅनिंगवर त्याची फार भक्ती होती. १८२८ पासून मरेपर्यंत तो किंग्ज लिन या गावातर्फे पार्लमेंटात निवडून येत राहिला. आणि पार्लमेंटात काय केले? सतरा-अठरा वर्षे जवळजवळ तोंड उघडले नाही. शिकारीहून थेट सभागृहात यायचा, वरच्या पातळ कोटाखाली शिकारीचा तांबडा कोट दिसायचा, मत द्यायचा आणि निघून जायचा. मन सगळे घोड्यांत.

१८२६ साली डॉन्कास्टरच्या सेंट लेजर शर्यतीत चोवीस वर्षांच्या या पोराने पंचवीस हजार पौंडांहून अधिक रक्कम घालवली. घरच्यांनी कर्ज फेडले. ड्यूकसाहेब संतापले आणि मुलाने जुगार सोडावा अशी त्यांनी अपेक्षा केली. मुलाने सोडला नाही, फक्त लपवला. त्याचे घोडे दुसऱ्यांच्या नावावर धावू लागले. मालक कागदावर एक आणि पैसा लावणारा एक. चार्ल्स ग्रेव्हिल नावाचा त्याचा एक आतेभाऊ होता, सरकारदरबारी मोठ्या हुद्द्यावर. काही घोडे त्याच्या नावावर होते. १८३५ मध्ये एका घोडीवरून दोघांचे बिनसले, ते पुन्हा जुळले नाही. हा ग्रेव्हिल रोज डायरी लिहीत असे, एवढे ध्यानात ठेवावे.

इथे ज्यांना रेस ठाऊक नाही त्यांच्यासाठी भावाची गोष्ट सांगते. घोड्याचा भाव एकास दहा म्हणजे एक रुपया लावला आणि घोडा आला तर दहा मिळणार. ज्या घोड्याकडून कुणाला आशा नाही त्याचा भाव मोठा. जसजसे लोक त्याच्यावर पैसे लावतात तसतसा भाव उतरतो, दहाचा पाच, पाचाचा दोन. आता समजा, काल ज्या घोड्याला कुणी विचारत नव्हते त्याचा भाव आज सकाळपासून घसरू लागला. कुणीतरी मुठी भरभरून पैसे लावतो आहे. आणि तो घोडा जिंकला! मग गर्दीत कुजबूज सुरू होते. कुणाला तरी आधीच ठाऊक होते. शर्यत जितकी जुनी तितकीच ही कुजबूजही जुनी असावी.

१८३५ साली अशी कुजबूज खुद्द जॉर्ज बेंटिंकनेच केली. मँचेस्टरजवळच्या हीटन पार्कच्या शर्यतीत स्क्वायर ऑस्बल्डेस्टन या नामांकित घोडेस्वाराचा रश नावाचा घोडा होता. त्याने आधी रशला मुद्दाम मागे ओढून धावून दाखवले. घोडा बिनकामाचा अशी समजूत झाली. मग शर्यतीच्या वेळी पैसा पडला, भाव कोसळला आणि स्क्वायरने स्वतः बसून घोडा जिंकून आणला. बेंटिंकने विरुद्ध पैज घेतली होती, तो हरला. कित्येक महिन्यांनी न्यूमार्केटला स्क्वायरने पैसे मागितले तेव्हा त्याने नोटा मोजून दिल्या, पण ही दरोडेखोरी आहे असे चारचौघांत सुनावले. प्रकरण पिस्तुलांवर गेले. १८३६ च्या वसंतात लंडनबाहेर दोघांचे द्वंद्व झाले. नशिबाने कुणाचे रक्त सांडले नाही.

आता त्याच वर्षाच्या सप्टेंबरात या गृहस्थाने काय केले ते पाहा.

एलिस नावाचा त्याचा घोडा सेंट लेजरला लागला होता, कागदोपत्री अर्थातच दुसऱ्या लॉर्डाच्या नावावर. शर्यत उत्तरेला डॉन्कास्टरला, घोडा इंग्लंडच्या पार दक्षिणेला. मधले अंतर अडीचशे मैलांच्या आसपास. त्या काळी शर्यतीचे घोडे चालवत नेत. दिवसाला पंधरा मैल, फार तर वीस, म्हणजे पंधरवडा हवा. पैजा घेणाऱ्यांची माणसे जागोजाग टेहळणी करीत असत. शर्यत आठवड्यावर आली तरी एलिस दक्षिणेतच आहे, अशी बातमी त्यांनी पोहोचवली. म्हणजे घोडा येत नाही! भाव वाढला. बेंटिंकने एका हजाराला बारा हजार असा भाव पदरात पाडून घेतला.

आणि मग घोडा निघाला, पण पायी नव्हे. लंडनच्या हेरिंग नावाच्या गाडी बनवणाऱ्याकडून बेंटिंकने एक प्रचंड पेटीसारखी गाडी करवून घेतली होती. आतून गादीचे अस्तर, म्हणजे हादऱ्याने घोड्याला इजा होऊ नये. गाडीला सहा घोडे, ते टप्प्याटप्प्याला बदलायचे. आत एलिस आणि सोबतीला ड्रमर नावाचा दुसरा घोडा. दिवसाला ऐंशी मैल! वाटेत लिचफिल्डच्या मैदानावर उतरवून एलिसचे पाय मोकळे केले, पुन्हा गाडीत घातले. शर्यतीच्या तोंडावर घोडा ताजातवाना डॉन्कास्टरमध्ये हजर झाला आणि सेंट लेजर जिंकून बसला.

हे वाचून मी ग्रंथालयात एकटीच हसले. काय डोके! आज आबांचे घोडे पुण्याहून मुंबईला मोटारव्हॅनमधून जातात, त्या व्हॅनची पणजी म्हणजे ही गाडी. त्यापूर्वी अशा गाडीतून शर्यतीला घोडा नेणे जवळजवळ कुणाला ठाऊकच नव्हते. इंग्लंडात या डावाचे कौतुक अजून होते. पण हसू ओसरल्यावर मनात आले की रशच्या वेळी जी दरोडेखोरी होती, ती एलिसच्या वेळी चतुराई कशी झाली? फरक आहे, मला मान्य आहे. स्क्वायरने घोडा खोटा पळवला, बेंटिंकने खराच पळवला. त्याने फक्त घोडा कुठे आहे हे लपवले. पण समोर ज्याने बारा हजारांची पैज घेतली, त्याच्या खिशाला हा फरक कळला असेल का?

पुढची गोष्ट तर हसण्यासारखीही नाही. क्रुसिफिक्स नावाची घोडी. ती शिंगरू असताना बेंटिंकने आईसकट पासष्ट गिनींना घेतली होती. १८४० साली तिने टू थाउजंड गिनीज, वन थाउजंड गिनीज आणि ओक्स या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. आयुष्यात कधी हरली नाही. ओक्सनंतर तिचे पुढचे पाय गेले, ती पुन्हा धावली नाही. रेसच्या इतिहासात असे सांगितले जाते की पाय गेल्याची बातमी बेंटिंकने दाबून ठेवली आणि येत्या सेंट लेजरसाठी लोक तिच्यावर पैसे लावीत असताना तो गुपचूप त्यांच्या उलट पैजा घेत राहिला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले. कारण पाय गेलेला घोडा आमच्या घरातही एकदा येऊन गेला आहे. माझी बारावी झाली त्या पावसाळ्यात माझा धाकटा मामा आबांकडे आला. आबा ज्या तबेल्यात होते तिथलाच एक घोडा रविवारी येणार असे त्याला बाहेरून कुणीतरी सांगितले होते. त्याने आबांना विचारले. आबा नेहमीसारखे हसले, काही बोलले नाहीत. मामाने त्या हसण्याचा अर्थ होकार असा लावला. आईने भिशी लावून माझ्या प्रवेशासाठी जमवलेले पैसे त्याने दोन दिवसांच्या बोलीवर तिच्याकडून नेले. घोडा शेवटून दुसरा आला. त्या रात्री आबांच्या तोंडून निघून गेले की घोडा तीन दिवस दाणा सोडून होता आणि डाव्या पायाला गरम होता. आई काही बोलली नाही, चुलीकडे तोंड करून बसली. आबांनी उचल घेऊन माझी फी भरली. पण तबेल्यातली गोष्ट तबेल्याबाहेर न्यायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी तेव्हा मामाला सांगायला हवे होते की नको होते, यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. मी कोणत्या तटात आहे हे माझे मलाच कळत नाही. इतके मात्र दिसते की आबांनी गप्प राहून एक पैसा मिळवला नाही आणि लॉर्डसाहेबांनी मिळवला.

तरीही या माणसाला नुसता लबाड म्हणून सोडून देता येत नाही, हीच खरी अडचण आहे. त्याने इंग्लंडची शर्यत अक्षरशः झाडून काढली. पूर्वी शर्यत कधी सुरू व्हायची याला धरबंध नसे. घोडे तासतास ताटकळत, चुकीच्या सुरुवाती होत. बेंटिंकने निशाणाची पद्धत आणली. एक माणूस निशाण घेऊन घोड्यांजवळ उभा, दुसरा पुढे स्वारांच्या नजरेसमोर. पहिल्याचे निशाण खाली आले की दुसऱ्याचे खाली, आणि शर्यत सुरू. उशीर करणाऱ्याला दंड. कार्डावर घोड्यांना क्रमांक, तेच क्रमांक फळ्यावर, म्हणजे कोपऱ्यात उभ्या असलेल्या साध्या माणसालाही कोण धावतो ते कळावे. खोगीर घालण्याआधी घोडे लोकांसमोर फिरवणे. गुडवूडच्या मैदानावर ड्यूक ऑफ रिचमंडच्या मदतीने त्याने हे बसवले. पैज हरून पैसे बुडवणाऱ्यांना मैदानाबाहेर काढण्याचा तर त्याने ध्यासच घेतला. आणि मग आला १८४४ चा डर्बी.

डर्बी म्हणजे इंग्लंडातील सर्वांत मानाची शर्यत, १७८० पासून एप्सम येथे भरणारी. अंतर दीड मैल आणि अट एकच, घोडा तीन वर्षांचाच हवा. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे मोठा फरक. आठवीच्या मुलांच्या कबड्डीत दहावीतला मुलगा उतरवला तर काय होईल? तेच!

आदल्या वर्षी, १८४३ च्या ऑक्टोबरात, न्यूमार्केटला दोन वर्षांच्या घोड्यांच्या एका शर्यतीत रनिंग रेन नावाचा घोडा जिंकला होता. त्याच्यावर मोठा पैसा पडला होता, भाव भराभर उतरला होता. आणि घोडा दोन वर्षांचा म्हणावा तर चांगला थोराड दिसत होता. दुसऱ्या आलेल्या घोडीचे मालक ड्यूक ऑफ रटलंड यांनी हरकत घेतली. पण हा तोच घोडा असे एका तबेल्यातल्या पोराने शपथेवर सांगितले आणि हरकत फेटाळली गेली. बेंटिंकचा संशय मात्र गेला नाही. पुढच्या मे महिन्यात तोच रनिंग रेन डर्बीला उभा राहिला. बेंटिंक आणि आणखी काही मालकांनी शर्यतीआधीच कारभाऱ्यांकडे लेखी अर्ज केला. कारभाऱ्यांनी मधला मार्ग काढला. घोडा धावू दे, जिंकलाच तर चौकशी करू.

२२ मे १८४४. त्या दिवशीच्या डर्बीइतकी घाणेरडी शर्यत दुसरी झाली नसेल. रनिंग रेन पहिला आला, कर्नल जोनाथन पील यांचा ऑर्लँडो दुसरा. लीअँडर नावाच्या घोड्याचा पाय शर्यतीतच मोडला, त्याला मारावे लागले. पुढे त्याचा जबडा तपासला तर तोही तीन वर्षांचा नव्हता, मोठा होता! रॅटन हा घोडा लंडनच्या सुप्रसिद्ध जुगारखान्याचा मालक विल्यम क्रॉकफर्ड याचा. त्याला मागे ठेवण्यात आले असे सगळीकडे बोलले जात होते. आधीच आजारी असलेला क्रॉकफर्ड त्याच आठवड्यात मेला.

कर्नल पील यांनी बक्षिसावर हक्क सांगितला. रनिंग रेनचा कागदावरचा मालक अलेक्झांडर वुड नावाचा धान्याचा व्यापारी होता. त्याने कोर्टात दावा लावला. पण खरा सूत्रधार होता गुडमन लेव्ही. त्याने १८४० साली जन्मलेला मॅकाबीयस नावाचा घोडा मिळवला होता आणि १८४१ साली जन्मलेल्या खऱ्या रनिंग रेनच्या जागी तो उभा केला होता. खरा घोडा बाजूला, नाव त्याचे, धावणारा भलताच.

कर्नल पील यांच्या बाजूचा पुरावा गोळा केला तो बेंटिंकने. ड्यूकचा मुलगा, कोट्यधीश घराण्यातला, पण एखाद्या फौजदारासारखा गावोगाव फिरला. घोडा जिथे जन्मला तिथपासून प्रत्येक तबेला, प्रत्येक मोतद्दार, घोडा कोणत्या रस्त्याने कुणी नेला हे सगळे त्याने जुळवले. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर केशरचनेचे एक दुकान होते. लेव्हीने तिथून केसांचा कलप घेतला होता, हे त्याने शोधून काढले. म्हाताऱ्यांच्या मिशांना लावायचा कलप घोड्याला! मला या ठिकाणी त्याच्याविषयी खरोखर आदर वाटला. स्वतःचा घोडा नाही, बक्षीस दुसऱ्याला मिळणार, आणि हा माणूस नाव्ह्याच्या दुकानात जाऊन कलपाचा हिशेब विचारतो आहे.

१ जुलै १८४४ रोजी वेस्टमिन्स्टरला खटला उभा राहिला. न्यायाधीश बॅरन आल्डर्सन. वुडचे वकील कॉकबर्न यांनी बेंटिंकवरच तोफ डागली. हा फिर्यादी, हाच पोलीस, हाच न्यायाधीश होऊ पाहतो असा त्यांचा रोख होता. साक्षीवर साक्षी झाल्या. न्यायाधीशांना एवढेच हवे होते की घोडा आणा आणि त्याचे तोंड दाखवा.

मित्रमैत्रिणींनो, हे मी आबांना वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले की मग एवढा खटला कशाला? तोंड उघडायचे आणि दात पाहायचे! मी लहान असताना त्यांनी मलाही ते शिकवले होते. घोड्याचे दुधाचे दात ठरल्या क्रमाने पडतात. अडीच वर्षांच्या सुमारास पुढची मधली जोडी, साडेतीनच्या सुमारास तिच्या शेजारची, साडेचारला कोपऱ्यातली. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या घोड्याचे तोंड एकसारखे दिसूच शकत नाही. कलप केसांना लागतो, दातांना लागत नाही.

पण दात पाहायला घोडा तर हवा! दुसऱ्या दिवशी कळले की घोडा नाहीसा झाला आहे. पळवला, लपवला, काही पत्ता नाही. वुडने दावा सोडून दिला. डर्बी ऑर्लँडोला मिळाली, लेव्ही देश सोडून पळाला. न्यायाधीशांनी निकालाच्या वेळी जे सांगितले त्याचा मतितार्थ असा की खानदानी लोकांनी खानदानी लोकांशीच शर्यत लावावी, हलक्या लोकांत मिसळले की फसवणूक व्हायचीच.

वा रे न्याय! एलिसला पेटीत घालून नेणारा कोण होता? क्रुसिफिक्सचे पाय लपवणारा कोण? लेव्ही ठक होता यात शंका नाही, त्याची बाजू मी घेत नाही. पण शर्यतीत लबाडी खालून वर शिरली, हे न्यायाधीशांनी कोणत्या पुराव्यावरून ठरवले? खालची माणसे म्हणजे कोण? तबेल्यातली ना? आमचीच. शपथेवर खोटे सांगणारे ते पोर मला दिसते. त्याला कुणी किती पैसे दिले असतील किंवा काय धमकी दिली असेल? त्याच्या मागे उभी असलेली माणसे तर कोट-टोपीतली होती.

या कामगिरीबद्दल जॉकी क्लबने बेंटिंकचे आभार मानले, मानपत्रासाठी वर्गणी जमली. रक्कम सुमारे दोन हजार पौंड. त्याने ती स्वतःसाठी घेतली नाही. तिच्यातून घोडे तयार करणारे आणि घोडेस्वार यांच्या गरजू कुटुंबांसाठी निधी उभा केला. न्यायाधीशापेक्षा त्याला तबेल्याची जास्त जाण होती असे यावरून म्हणावेसे वाटते. पुढच्याच वर्षी, १८४५ मध्ये, पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येणार नाहीत असा कायदा इंग्लंडात झाला.

यानंतरचे आयुष्य राजकारणाचे आहे, ते थोडक्यात सांगते. १८४६ साली पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी परदेशी धान्यावरचे कर उठवण्याचे ठरवले. हे पील म्हणजे ऑर्लँडोच्या मालकाचे सख्खे थोरले भाऊ! एका भावाला दोन वर्षांपूर्वी डर्बी मिळवून देणारा बेंटिंक आता दुसऱ्याच्या विरुद्ध उभा राहिला. पक्षाला दिलेला शब्द मोडणे म्हणजे त्याच्या लेखी पैज बुडवण्यासारखेच होते, आणि कॅनिंगला पीलने छळले हा जुना सलही होता. इतकी वर्षे मुका असलेला माणूस तासन्‌तास आकडेवारी देत बोलू लागला. जेवले की सुस्ती येते म्हणून भाषणाच्या दिवशी रात्रीपर्यंत उपाशी राहायचा. बेंजामिन डिझरायली त्याच्या जोडीला होता. जूनमध्ये पील सरकार पडले. आयर्लंडात दुष्काळ चालू असताना धान्यावरचा कर राखायला निघालेला हा माणूस मला पटत नाही. पण त्यानेच १८४७ मध्ये आयर्लंडात रेल्वेची कामे काढण्यासाठी एक कोटी साठ लाख पौंडांची योजना मांडली, ती फेटाळली गेली. त्याच वर्षअखेर ज्यू लोकांना पार्लमेंटात बसता यावे या बाजूने त्याने मत दिले. स्वतःचा पक्ष बिथरला आणि त्याचे पुढारीपण गेले. लेव्ही ज्यू होता. त्याच्या निमित्ताने साऱ्या जमातीवर राग धरणारे त्या वर्गात थोडे नव्हते. बेंटिंकने धरला नाही.

या राजकारणासाठी त्याने १८४६ मध्ये सगळे घोडे एका सपाट्यात विकले होते. गुडवूडला एका रात्री त्याने सहज विचारले, कोण घेतो सगळे दहा हजार पौंडांना? मोस्टिन नावाच्या गृहस्थाने घेतले. घोडे, घोड्या, शिंगरे, सगळे. त्या शिंगरांत क्रुसिफिक्सचा एक बछडा होता. त्याचे नाव सरप्लिस. इतक्या वर्षांत बेंटिंकला डर्बी कधी जिंकता आली नव्हती. २४ मे १८४८ रोजी ती सरप्लिसने जिंकली, अर्थात दुसऱ्या मालकासाठी. दुसऱ्या दिवशी डिझरायलीला तो पार्लमेंटच्या ग्रंथालयात हातात पुस्तक घेऊन सुन्न उभा दिसला. आयुष्यभर ज्याच्यासाठी धडपडलो ते कशासाठी गमावले, असे तो कण्हत होता. सभागृहातला त्याचा ठराव थोड्याच दिवसांपूर्वी पडला होता. डिझरायलीने समजूत घालायचा प्रयत्न केला. पण डर्बी म्हणजे काय हे या माणसाला कळणार नाही, असे बेंटिंकला वाटले.

त्याच सप्टेंबरात सरप्लिसने सेंट लेजरही जिंकली. ती पाहायला बेंटिंक डॉन्कास्टरला गेला होता. २१ सप्टेंबर १८४८ च्या दुपारी तो वेलबेकहून थोर्सबीला एका स्नेह्याकडे जेवायला एकटाच पायी निघाला. पोहोचला नाही. रात्री कंदील घेऊन माणसे शोधायला निघाली तेव्हा वाटेत मरून पडलेला सापडला. हृदयविकार. वय सेहेचाळीस. डिझरायलीने त्याचे चरित्र लिहिले, त्यात घोडे थोडे आणि राजकारण फार. आणि आतेभाऊ ग्रेव्हिलने डायरीत लिहून ठेवले की दुसऱ्यांच्या लबाड्या शोधणाऱ्या या माणसाने स्वतः केलेले प्रकार त्याहून फारसे वेगळे नव्हते. हे छापून बाहेर आले ते दोघेही गेल्यानंतर, १८८५ साली. भांडलेल्या भावाची साक्ष किती धरायची हा प्रश्न आहेच.

परवा हा लेख लिहून झाल्यावर मी तो रात्री आबांना वाचून दाखवला. लॉर्ड, ड्यूक, पार्लमेंट यांत त्यांना रस नव्हता. एलिसच्या गाडीपाशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, घोडा तीन दिवस बंद पेटीत एकटा कसा राहिला? एकटा नव्हता, सोबत ड्रमर होता, असे मी सांगितले. तेव्हा मान हलवून म्हणाले की बरोबर, ज्याने ही युक्ती काढली तो घोड्याचा जाणकार होता. मग मी क्रुसिफिक्सच्या पायांचे वाचले. आई भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. आबा थोडा वेळ ऐकत बसले. मग रात्रीचा दाणा घालायचा आहे असे म्हणून उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तबेल्याकडे गेले.